सोपानच्या उंचीचं घर

इंदापूरच्या बाजारपेठेमागं आतारांचा बोळ होता, त्यातलं शेवटचं घर बिस्मिल्लाचं. नवरा फकीर आतार बाजारोबाजार सुया, दोरे, कुंकू आणि काजळाच्या डब्या विकत हिंडायचा. तो वारला तेव्हा बिस्मिल्ला तिशीचीही नव्हती. दुकान दिराकडं गेलं आणि हिच्या वाट्याला सासऱ्याची कला आली. कला कागदाची. कळकाच्या कामट्या तासायच्या, त्यांचा सांगाडा बांधायचा, खळीनं त्यावर कागद चढवायचा आणि वर बेगडाची नक्षी डकवायची. मोहरमचा मोठा ताबूत पंचमंडळी पुरुषांकडूनच करून घेत. बिस्मिल्ला करायची ती लहान घरं, नवसाची.

बाई तोंडानं भारी फटकळ. खळ पातळ झाली तर पिठाला शिव्या, घट्ट झाली तर पाण्याला. गिऱ्हाईक बायका तिला वचकून असत आणि तरी तिच्याकडंच येत, कारण तिच्या हातच्या घराला जी जाळी असायची ती दुसऱ्या कुणाला कातरता येत नव्हती. हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. बारामतीच्या एका कारागिरानं केलेलं घर एकदा कुणी तिला दाखवलं, तर तिनं ते उलटंपालटं करून विचारलं होतं, "ह्यात कोंबड्या ठिवायच्या का?"

या नवसाची रीत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ज्या बाईची मुलं वाचत नसत ती ताबुतापुढं नवस बोलायची, की हे पोर जगलं तर पाच वर्षं त्याच्या उंचीचं घर वाहीन. बाई मराठ्याची असो, माळ्याची असो नाहीतर मुलाण्याची, नवसाला कुणी जात विचारत नव्हतं. मोहरमचा चांद दिसला की पाचव्या दिवशी पोराला घेऊन बिस्मिल्लाच्या अंगणात यायचं. पोराला उभं करून, त्याच्या डोक्यावर एक बोट सोडून ती कळकाची काठी तोडायची. ती काठी म्हणजे घराचा कणा. तिच्याभोवती भिंती, खिडक्या, दार, वर घुमट. दहाव्या दिवशी ओढ्यावर हे घर पोराशेजारी ठेवून सगळ्यांदेखत उंची जुळवायची, मधली काठी ओढून काढायची आणि घर पाण्यात सोडून थंड करायचं.

काठी मात्र वर्षभर बिस्मिल्लाच्या माळ्यावर राहायची. प्रत्येक काठीला त्या त्या आईच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. पुढच्या वर्षी पोर त्याच काठीला लावून बघायचं. पोर काठीच्या वर गेलं की 'काठी सुटली'. मग नवी काठी तोडायची, आणि जुनी पोरानं हातात धरून मिरवणुकीत चालायचं. पण पोर काठीच्या खालीच राहिलं तर म्हणायचे, 'काठीनं धरलं'. त्या वर्षी घर बांधत नसत. आणि घर बांधलं नाही की त्या पोराकडं बघायची लोकांची नजरच बदलून जायची. कुणी वाईट बोलायचं नाही, पण त्याच्या ताटात तूप पडायचं थांबे, नवं अंगडं शिवायचं राहून जाई, आजारलं तर वैद्याकडं जायला कुणाचे पाय उचलत नसत. जे जाणारच आहे त्याच्यात जीव गुंतवायचा कशाला, असा तो सगळा मामला.

बिस्मिल्लाला हे ऐकून माहीत नव्हतं, भोगून माहीत होतं. तिची सायरा तीन वर्षांची असताना सासऱ्यानं तिला अंगणात उभी केली होती. पोर काठीखाली राहिली. सासऱ्यानं हातातला कागद खाली ठेवला आणि नमाजाला निघून गेला. सायरा त्या पावसाळ्यात गेली. लोक म्हणाले, काठीनं आधीच सांगितलं होतं. बिस्मिल्ला त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. पण पुढं तीच कातर तिच्या हातात आली, तीच काठी तिला दरवर्षी तोडावी लागली, आणि ज्या दिवशी मापाला पोरं यायची त्या दिवशी तिला घास गिळवत नसे.

पस्तीस सालचा मोहरम चैत्रात आला. पाडव्याच्या गुढ्या उतरल्या न उतरल्या तोच चांद दिसला. पाचव्या दिवशी सकाळीच अंगणात गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पोरांचा नुसता कालवा. आपल्याआपल्यातच पाठीला पाठ लावून उंची बघणं चाललेलं, कोण टोपी घालून फसवतोय, कोण केसांचा बुचडा मोजायला लावतोय. एक पोरगी म्हणाली, "माजं घर तुज्यापरीस उच्च व्हनार." दुसरी म्हणाली, "तुजं घर उच्च, पर माज्या घराला दोन खिडक्या."

निरवांगी गावची गाडी जरा उशिरा आली. गाडीत सावळाराम होता, कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या पिकवणारा, कष्टाळू आणि आईपुढं तोंड न उघडणारा माणूस. त्याची बायको ठमाबाई, तिच्या मांडीवर चार वर्षांचा सोपान, आणि गाडीच्या तोंडाशी सावळारामची आई प्रयागबाई. ठमाबाईची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. सोपान नवसाचा. त्याची तीन घरं झाली होती, हे चौथं.

प्रयागबाई वाईट बाई नव्हती. वाईट असती तर सगळंच सोपं झालं असतं. दोन नातवंडं तिनं आपल्या हातानं मातीत ठेवली होती, आणि आता तिसऱ्याच्या बाबतीत तिला कुणीतरी एकदाचं काय ते सांगून टाकायला हवं होतं. ते सांगणारी काठी होती. तिचा काठीवर जेवढा विश्वास होता तेवढा पोटच्या पोरावर नव्हता.

ठमाबाईनं सोपानला खाली उभं केलं. पोराचे पाय काटक्यांसारखे, पोट पुढं आलेलं, डोळ्यांखाली पिवळी झाक. कालव्याकाठच्या गावांतून असली पोरं तिनं पाहिली होती. एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा हिवताप, आणि पोटात डाव्या बाजूला वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा.

"ताप येतो का गं?" तिनं विचारलं.

"येतो मावशी. पावसाळ्यापासनं धरलाय," ठमाबाई म्हणाली. "पोस्टातनं कोयनेलच्या पुड्या आणत्यात हे. दिल्या की बरा असतो, पर कडू लागती, वकून टाकतो."

"काठी आन," प्रयागबाई म्हणाली. "काय ते हुंद्या."

बिस्मिल्ला आत गेली. माळ्यावरची काठ्यांची मोळी तिनं खाली घेतली, ठमाबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी शोधली. काठी हातात धरून ती दाराआडून अंगणात बघत राहिली. इतक्या वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती, की माप घ्यायची गरजच नव्हती. पोर वर्षभरात तसूभरही वाढलं नव्हतं. काठी एक बोट वर राहणार होती.

तिला अंगणातलं पुढचं सगळं आत्ताच दिसायला लागलं. प्रयागबाई पदर तोंडाला लावणार, बायका बाजूला सरकणार, गाडी रिकामीच परत जाणार. घरी गेल्यावर त्या कडू पुड्याही बंद होणार. ठमाबाई रात्रंदिवस पोर मांडीवर घेऊन बसेल आणि एके दिवशी तीही दमेल. सगळेच दमतात. बिस्मिल्ला स्वतः दमली होती.

चुलीपाशी कामट्या तासायचा कोयता पडला होता. बिस्मिल्लानं काठी ओंडक्यावर आडवी धरली आणि बुडाकडून दोन बोटं तोडली. तुकडा कनवटीला खोचला, तोडलेल्या टोकावर ओली माती चोळली आणि ती बाहेर आली. येताना ती उगीचच शेजारच्या पोरावर खेकसली.

सोपानला भिंतीशी उभं केलं. काठी शेजारी लावली. पोराचं टाळकं काठीच्या वर एक बोट.

"सुटली," बिस्मिल्ला म्हणाली.

ठमाबाई मटकन खाली बसली आणि पोराचे दोन्ही पाय कवटाळून रडायला लागली. प्रयागबाईनं काठीला हात लावून तो कपाळाला लावला. नातवाच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. फक्त सावळाराम बैलांपाशी होता तो तिथंच राहिला, मान खाली घालून बैलाच्या गळ्यातली गाठ सोडत आणि पुन्हा बांधत. बिस्मिल्लाला वाटलं, बाप्या माणूस, आनंद दाखवायचा कसा ते कळत नसेल.

ते पुढचे दिवस बिस्मिल्ला मोठ्या तब्येतीत होती. उन्हाळ्याच्या उकाड्यात अंगणातल्या मांडवाखाली बसून तिनं घरं बांधली. सोपानच्या घरासाठी नवी काठी तोडली ती मात्र खऱ्या मापाची, पोराच्या डोक्यावर एक बोट. ती अर्थातच गेल्या वर्षीच्या अख्ख्या काठीएवढीच भरली, पण हे तिच्याशिवाय कुणाला कळणार होतं. त्या घराला तिनं गुलाबी कागद चढवला. खिडक्यांना वेलबुट्टीची जाळी कातरली. दाराला उघडमीट होणारी दोन फळकुटं बसवली. आपण एका पोराला वर्षभराचं आयुष्य दिलं, असं तिला मनातून वाटत होतं, आणि सायराची आठवण आली तरी त्या दिवसांत तिला घास गोड लागत होता. खोटं बोलून इतकं बरं वाटतं हे तिला आधी माहीत असतं, तर तिनं हा धंदा केव्हाच सुरू केला असता.

दहाव्या दिवशी सकाळी सावळाराम घर न्यायला एकटाच बोळात आला. बायका चौकात ताबुतापाशी थांबल्या होत्या. त्यानं घर निरखून पाहिलं, दार उघडून मिटून पाहिलं.

"लई नामी झालंय मावशी," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

"मग असा सुतक्यावानी का उबा?"

सावळारामनं डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. मग बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना. गेल्या महिन्यात तो आईच्या चोरून सोपानला घेऊन बारामतीला गेला होता. वांगी विकायला जातो म्हणून सांगितलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पोराचं पोट दाबून पाहिलं. म्हणाले, पानथरी बेंबीला भिडलीय. पोराला इथं आणून दोन-तीन महिने ठेवा, आमच्या डोळ्यादेखत औषध द्या, दूध द्या. नाहीतर येता पावसाळा हे काढायचं नाही.

"मी आईला म्हनलो, जातो घिऊन. आई म्हनली, मोहरम हुंद्या. काठी सुटली तर पोरगं वाढतंय, मग दवाखाना कशाला. आन काठीनं धरलं, तर तुला काय करायचं ते कर." सावळाराम खाली बघत होता. "मावशी, तुमास्नी खोटं वाटंल. त्या दिवशी मी बैलापाशी उबा राहून देवाला म्हनत व्हतो, काठीनं धरू दे. धरलं तर मला जाया येईल. आता आई कोयनेल बी दिऊ देत न्हाय. म्हनती, वाढतंय तर कडू कशाला पाजता."

"आन ठमा?"

"ती काय म्हनंल. तिला तर सरग हाताला लागलाय. मावशीनं सांगितलं वाढलाय, म्हंजी वाढलाय."

बिस्मिल्ला उंबऱ्यावर टेकली. सांगून टाकावं, आत्ता, इथंच, असं तिच्या मनात आलं. अख्ख्या जन्मात जी बाई कुणाला तोडून बोलायला कचरली नाही, तिला दोन बोटांचा तुकडा बाहेर काढता येईना. सावळाराम घर डोक्यावर घेऊन निघून गेला, आणि ती नुसती त्या हलत जाणाऱ्या गुलाबी घुमटाकडं बघत राहिली.

मग ती उठली. तुकडा तिनं त्या दिवशी पत्र्याच्या डबीत टाकला होता, तो काढला आणि मुठीत घेतला.

मिरवणूक निघाली होती. ताशे कडाडत होते, अंगाला पिवळे पट्टे ओढलेले वाघ नाचत होते, लोक सरबताची घागर रिती करत होते. मोठ्या ताबुतामागं नवसाची घरं, आणि प्रत्येक घराशेजारी हातात जुनी काठी धरून चालणारं पोर. सोपानला चालवत नव्हतं. चार पावलं टाकून तो थांबायचा, काठीवर भार द्यायचा आणि पुन्हा निघायचा. ठमाबाई त्याला उचलून घ्यायला वाकली की प्रयागबाई म्हणायची, "चालू दे. नवसाचं पाऊल हाय." बिस्मिल्ला मागून हे बघत येत होती. तिच्यामुळंच ते पोर चालत होतं.

ओढ्याला कालव्याचं पाझरपाणी असायचं, त्यामुळं भर चैत्रातही डोह भरलेला. काठावर घरं ओळीनं मांडली. आता उंची जुळवायची. पोरांना यात भारी गंमत. जो तो आपल्या घराला खेटून, छाती काढून उभा. आया लांबून बघून सांगत होत्या, "बराबर, घर बोटभर वर हाय." सोपान आपल्या गुलाबी घराच्या खिडकीतून आत डोकावत होता. शेजारच्या पोरीनं त्याला सांगितलं, "तू मावनार न्हाईस आत." तो म्हणाला, "म्या मावंल. म्या बारका हाय."

बिस्मिल्ला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सोपान, ती काठी दे बाळा," म्हणून तिनं काठी घेतली आणि वळून प्रयागबाईला हाक मारली. आवाज चढवायची सवयच होती, म्हणून आसपासच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"प्रयागबाई, काठी सुटली न्हवती. म्या तोडली हिला." मूठ उघडून तिनं तुकडा दाखवला. मग खाली बसून तो तुकडा जमिनीवर ठेवला, त्याच्यावर काठी उभी केली आणि पोराच्या पाठीला लावली. दोन्ही टोकं एकमेकांत बसली. पोराचं डोकं काठीच्या खाली होतं.

ताशे तिकडं वाजतच होते. सोपाननं आजीच्या तोंडाकडं पाहिलं, मग आईच्या. काठी म्हणजे काय ते त्या चार वर्षांच्या पोराला पुरतं कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण आपण कुठंतरी कमी पडलोय एवढं कळलं. त्यानं हळूच टाचा उचलल्या. चवड्यांवर उभा राहिला, मान ताणली, काटक्यांसारखे पाय थरथरायला लागले. पोट पुढं काढून, श्वास धरून तो त्या काठीएवढा व्हायला बघत होता.

"पडशील की रं," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नसावा.

प्रयागबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हंजी धरलं. तिसरं बी चाललं. चला. घर र्‍हाऊ द्या हितंच."

"आई, तू म्हनली व्हतीस," सावळाराम म्हणाला, "धरलं तर मला बारामतीला..."

"काय करनार तितं नेऊन? काठीनं धरलेलं पोर कोन डाक्तर सोडवनार हाय? लेकराला घरात मरू दे, आपल्या मानसात."

सावळारामचं तोंड मिटलं. इतक्या वर्षांची सवय, अशी एका दिवसात जाणार थोडीच.

तेव्हा बिस्मिल्लानं ती काठी गुडघ्यावर धरून मोडली. आवाज असा झाला, की पोरं दचकली.

"ह्या काठीनं माजी सायरा बी धरली व्हती," ती म्हणाली. तिचं नेहमीचं खेकसणं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. "लोक म्हनत्यात काठीनं सांगितलं आन पोरगी गेली. तसं न्हाय झालं, प्रयागबाई. काठीनं धरलं म्हनल्यावर आमी तिला सोडली. मामंजी औषध आनायचं थांबलं. नवरा बाजाराला निगून गेला. दूध महाग झालं म्हनून म्या तिला पेज दिली. माज्या मनात आलं, जानारच हाय ती. म्या तिची आई, माज्या मनात आलं. तिला ताप चढला त्या दिवशी म्या कागद कापत बसले व्हते. काठीनं पोर मरत न्हाय. आपुन हात काढून घेतो, म्हनून मरतं."

सोपान अजून चवड्यांवरच होता. काठी मोडली तरी त्याला कुणी खाली हो म्हणालं नव्हतं.

ठमाबाई पुढं आली. तिनं पोराला उचलून कडेवर घेतलं, पदर त्याच्या डोक्यावरून घेतला आणि गाड्या सोडल्या होत्या तिकडं चालायला लागली. सासूला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. बिस्मिल्लाच्या अंगावरून जाताना तिच्याकडं पाहिलंही नाही. थोडं पुढं गेल्यावर सावळाराम तिच्यामागं धावला. प्रयागबाई काठावर तशीच उभी राहिली, गाडी जुंपल्याचा आवाज आला तेव्हा निघाली. आईच्या खांद्यावरून सोपानचा आवाज येत होता, "माजं घर. माजं घर र्‍हायलं."

संध्याकाळपर्यंत सगळी घरं थंड झाली. गुलाबी घर तेवढं काठावर राहिलं. पंचांपैकी एकजण बिस्मिल्लाला म्हणाला, "सोड ते पान्यात." ती म्हणाली, "ज्याचं हाय तो येईल." तिनं ते डोक्यावर घेतलं आणि बोळात परत आणलं.

मोहरमचं घर थंड न करता घरात ठेवणं म्हणजे अपशकुन. दिरानं सांगितलं, पंचांनी सांगितलं, शेजारणींनी येणं-जाणं बंद केलं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या आठवड्यापासून बायका दारात यायला लागल्या. "खरं सांग, माज्या पोराची काठी बी तोडली व्हतीस का?" बिस्मिल्ला छातीवर हात ठेवून सांगायची, की नाही. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या खऱ्याला कोण विचारतं. काही जणी आपल्या चिंधीच्या काठ्या मागून घेऊन गेल्या. बारामतीच्या कोंबड्यांच्या खुराड्यांना बरे दिवस आले. बिस्मिल्ला पतंग आणि लग्नातल्या बाशिंगांचे कागद कातरून दिवस काढू लागली.

पाऊस सुरू झाला. ओलाव्यानं गुलाबी कागद सुटायचा, ती खळ लावून चिकटवायची. उंदरानं घुमट कुरतडला, तिनं ठिगळ दिलं. निरवांगीकडचा कुणी बाजाराला आला की ती विचारायची. कुणी सांगायचं, पोरगं बारामतीलाच आहे. कुणी सांगायचं, काही खरं नाही म्हणतात. एकानं तर गेलं म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या आठवड्यात, ते दुसऱ्या कुणाचं, म्हणून सांगितलं. त्या आठवडाभरात बिस्मिल्लानं चूल पेटवली नाही. दिवाळीच्या सुमाराला सावळारामची गाडी बाजारात दिसली म्हणून ती अनवाणी धावत गेली, तर गाडीवर त्याचा भाऊबंद होता. त्याला काही माहीत नव्हतं.

संक्रांत होऊन गेली होती. बिस्मिल्ला अंगणात उन्हाला बसून कामट्या तासत होती. बोळाच्या तोंडाशी ठमाबाई दिसली. वाळलेली, काळवंडलेली, अंगावर तेच हिरवं लुगडं. तिच्या बोटाला धरून सोपान चालत येत होता. स्वतःच्या पायानं.

बिस्मिल्लानं हातातली कामटी खाली ठेवली. ठमाबाईनं तिला हाक मारली नाही, बरी आहेस का म्हणून विचारलं नाही. दारातून आत पाहिलं, कोपऱ्यात ठिगळं लावलेलं गुलाबी घर उभं होतं.

"बाहीर घ्या ते," ती म्हणाली. "थंड करायचं हाय."

बिस्मिल्लानं घर बाहेर आणून अंगणाच्या मधोमध ठेवलं. ठमाबाईनं पोराला त्याच्याशेजारी उभं केलं. रीतच होती, उंची जुळवल्याशिवाय घर पाण्यात जात नाही.

पोराचं डोकं कळसाच्या वर दिसत होतं. थोडंसंच, पण वर. बिस्मिल्ला बघत राहिली, डोळे पुसून पुन्हा बघत राहिली. इतक्या वर्षांची तयार झालेली नजर, पण आज तिचा तिच्यावर भरवसा बसेना. ती गुडघ्यांवर खाली बसली, दोन्ही हात जमिनीला टेकून वाकली आणि तिनं पोराच्या पायांपाशी बोटं घालून पाहिलं.

टाचा टेकलेल्या होत्या.